कॉर्न स्नेकच्या पिल्लासाठी स्टार्टर किट: खोक्यातलं काय वापरावं, काय बाजूला ठेवावं

कॉर्न स्नेकचं पिल्लू पहिल्यांदाच आणणाऱ्यांसाठी ‘स्टार्टर किट’ म्हणून एक खोकं वेगवेगळ्या लेबलांखाली विकलं जातं. लेबल बदललं तरी आतला ऐवज साधारण तोच: ४५ × ३० × ३० सेंमीची काचेची टाकी, वर जाळीचं झाकण, हीट मॅट (विजेवर तापणारी पातळ चटई), आतून चिकटवायचा काट्याचा तापमापक, अर्ध्या ओंडक्याच्या आकाराची एक लपण, प्लास्टिकची वेल, पाण्याचं भांडं, वाळूची किंवा झाडाच्या सालीच्या तुकड्यांची पिशवी आणि एक छोटी पुस्तिका. आमच्याकडून ५ पैकी २.५ गुण. टाकी चांगली आहे, मॅट ठीक आहे. गुण कापले ते मुख्यतः दोन कारणांसाठी: मॅटसोबत थर्मोस्टॅट (ठरलेल्या तापमानाला मॅट चालू-बंद करणारं उपकरण) नाही, आणि लपण एकच आहे, तीही दोन्ही टोकांना उघडी.

अंड्यातून नुकतंच बाहेर पडलेलं पिल्लू २० ते ३० सेंमी लांब असतं आणि त्याचं वजन असतं जेमतेम ५ ते ८ ग्रॅम. अमेरिकेच्या आग्नेय भागात, जिथला हा साप मूळचा, तिथे पक्ष्यांपासून मोठ्या सापांपर्यंत सगळेच त्याला खातात. त्यामुळे पिल्लाचा सगळा जीव लपण्यात असतो. उघड्यावर राहावं लागलं की ते खाणं सोडतं. लपण थंड बाजूला आणि ऊब उघड्यावर असेल, तर ते लपणीतच थंड पडून राहतं आणि पोटात गेलेलं पचत नाही. म्हणून किटमधली प्रत्येक वस्तू आम्ही एकाच कसोटीवर तपासली: पिल्लाला लपून राहून ऊब घेता येते का?

टाकी आणि झाकण

‘मोठ्या टाकीत पिल्लू घाबरतं’ हे अर्धसत्य आहे. ते घाबरतं मोकळ्या जागेला. ४५ सेंमी लांबीत एक टोक उबदार आणि दुसरं थंड ठेवणं जमतं, आणि मधली जागा भरून काढली तर पिल्लू इथे निवांत राहतं. भरण्यासाठी महागडं काही लागत नाही. टॉयलेट पेपरच्या आतल्या पुठ्ठ्याच्या नळ्या, चुरगळलेला कागद, सालीचे मोठे तुकडे, किटमधली ती प्लास्टिकची वेल, सगळं चालतं. टाकीच्या मागच्या आणि दोन्ही बाजूंच्या काचांना बाहेरून गडद कागद लावला, तर पहिल्या आठवड्यातच फरक दिसतो. काचेला नाक घासत सतत फिरणारं पिल्लू कमी फिरू लागतं.

खरी अडचण निसटण्याची. हातात पेन्सिल घ्यावी आणि टाकीची एकेक फट तपासावी. पेन्सिल जाते तिथून पिल्लू जाऊ शकतं, असं धरून चालायचं. झाकणाच्या कोपऱ्यात वायर बाहेर काढायला ठेवलेली खाच सगळ्यात धोक्याची. तिच्यावरची सरकती पट्टी पूर्ण बसत नाही आणि वायर घातली की बाजूला फट उरतेच. समोरून उघडणाऱ्या सरकत्या काचा असलेला प्रकार घेतलात, तर दोन काचा एकमेकींवर येतात तिथली उभी फट पाहा. रात्री पिल्लू नेमकं त्या फटीत नाक खुपसून खालून वर, वरून खाली चाचपत राहतं, आणि डोकं गेलं की मागचं सगळं अंग जातं. खाच मत्स्यपेटीच्या सिलिकॉनने बंद करावी. व्हिनेगरसारखा वास पूर्ण जाईपर्यंत, म्हणजे निदान दोन दिवस, पिल्लू आत सोडू नये. झाकणाला चारही बाजूंनी क्लिप हव्यात. किटमध्ये दोनच येतात, उरलेल्या दोन वेगळ्या घ्याव्या लागतात. झाकणावर पुस्तकं ठेवणं हा उपाय नव्हे. वजनाने मधली जाळी दबते आणि कडा उचलल्या जातात.

जाळीचं झाकण हवा खेळती ठेवतं, पण ओलावाही पळवतं. कॉर्न स्नेकला हवेतली आर्द्रता ४० ते ६० टक्के लागते. ती सतत ४० च्या खाली राहत असेल, तर झाकणाचा दोन तृतीयांश भाग ॲक्रिलिकच्या पत्र्याने झाकून टाका. रोज पाण्याचा फवारा मारून आर्द्रता वाढवायच्या भानगडीत पडू नये. त्याने तळ ओला राहतो, आणि ओल्या तळावर पोटाचे खवले लाल होऊन फोड येतात.

हीट मॅट

मॅटचा आकार योग्य आहे, टाकीच्या तळाचा साधारण एक तृतीयांश भाग व्यापतो. ती बाहेरून, काचेच्या खाली, एका टोकाला चिकटवायची. टाकीच्या चारही कोपऱ्यांखाली रबरी पाय लावून टाकी थोडी उचलून धरावी. उष्णता खाली कोंडली तर मॅट तापत जाते आणि काचेला तडा जाऊ शकतो.

आता मुख्य तक्रार. पुस्तिका सांगते की मॅट थेट सॉकेटमध्ये लावा, ती स्वतःच ठरावीक तापमानाला थांबते. हे खरं नाही. थर्मोस्टॅटशिवाय लावलेली मॅट काचेचा तळ ४० अंश सेल्सियसच्या वर नेऊ शकते, आणि साप खालून येणाऱ्या उष्णतेपासून वेळेवर बाजूला होईलच याचा भरवसा नाही. पोटाला भाजेपर्यंत तो तिथेच बसून राहिलेला आढळतो. थर्मोस्टॅट नसेल तर मॅट लावूच नका. साधा चालू-बंद होणारा थर्मोस्टॅट मॅटसाठी पुरतो. मंद करत नेणारा महागडा प्रकार दिव्यांसाठी लागतो.

थर्मोस्टॅटचा प्रोब, म्हणजे वायरच्या टोकाचा तापमान मोजणारा भाग, कुठे ठेवायचा, यावर निम्मं काम अवलंबून आहे. तो मॅट आणि काच यांच्यामध्ये, बाहेरून पक्का करावा. आत ठेवला तर पिल्लू तो हलवतं किंवा त्यावर पाणी सांडतं. हललेला प्रोब थंड जागी पडला, की थर्मोस्टॅटला वाटतं अजून ऊब कमी आहे, आणि मॅट तापतच राहते. सुरुवातीला थर्मोस्टॅट ३२ वर ठेवा. मग आत, मॅटच्या बरोबर वर, काचेच्या तळावर दुसऱ्या डिजिटल तापमापकाचा प्रोब टेकवून मोजा. तिथे ३० ते ३१ अंश येईपर्यंत थर्मोस्टॅट अर्ध्या-अर्ध्या अंशाने वरखाली करा, आणि प्रत्येक बदलानंतर दोन तास थांबा. माप तळाशी अंथरलेल्या भुशाच्या वर घ्यायचं नाही, तळाच्या काचेवरच घ्यायचं, कारण पिल्लू भुसा उकरून थेट काचेवर जाऊन बसतं. भुसा जाड अंथरला, की वर २७ आणि खाली ३५ अशी फसगत होते. मॅट वापरत असाल तोवर थर २ ते ३ सेंमीच ठेवा.

थंड बाजू २१ ते २४ अंश. मॅट हवा तापवत नाही, त्यामुळे खोलीच २० च्या खाली जात असेल तर मॅट एकटी पुरणार नाही. तेव्हा सिरॅमिक हीटर लागतो, तो जाळीच्या बाहेर आणि त्याच्या स्वतंत्र थर्मोस्टॅटवर. उलट, खोलीचं तापमानच ३० च्या पुढे गेलं तर मॅट बंद ठेवावी. पिल्लाला त्या वेळी थंड कोपरा अधिक गरजेचा असतो.

काट्याचा तापमापक खोक्यातून काढून थेट बाजूला ठेवा. तो चार-पाच अंशांनी चुकणं नेहमीचं आहे आणि तो काचेवर वर कुठेतरी हवेचं तापमान दाखवतो, तळाचं नाही. त्याहून वाईट त्याच्या मागचा गोंद. टाकीतल्या उबेने तो सुटतो, पिल्लू त्याला चिकटतं आणि ओढताना कातडी सोलली जाते. कुठल्याही कारणाने टाकीच्या आत चिकटपट्टी लावू नये, हा नियम कॉर्न स्नेक पाळणारे सगळ्यात आधी सांगतात. चिकटलंच, तर ओढू नका. खाद्यतेल बोटावर घेऊन कडेने हळूहळू सोडवत न्या.

लपण, अंथरूण, पाणी

अर्ध्या ओंडक्याची लपण दिसायला सुरेख आहे. पिल्लाला तिचा फारसा उपयोग नाही. सापाला पाठीला आणि दोन्ही कुशींना काहीतरी टेकलेलं लागतं, तरच तो स्वतःला सुरक्षित समजतो. इथे वरून छप्पर असलं तरी दोन्हीकडून उजेड आणि हालचाल दिसते. वेटोळं घातलेलं पिल्लू जेमतेम मावेल एवढी, एकच लहान तोंड असलेली लपण हवी, आणि अशा दोन हव्यात: एक मॅटवर, एक थंड टोकाला. दोन्ही एकसारख्या असल्या तर पिल्लू तापमान बघून जागा निवडतं, आवडती लपण बघून नाही. कात टाकायच्या दिवसांत तिसरी लागते: झाकणाला भोक पाडलेला छोटा प्लास्टिकचा डबा, आत ओलं करून घट्ट पिळलेलं स्फॅग्नम मॉस (ओल धरून ठेवणारं शेवाळ). भोकाची कड घासून गुळगुळीत करायला विसरू नका. ओंडका टाकीत राहू द्या, चढायला चांगला आहे.

वाळू वापरू नका. ती तोंडात, गुदद्वारात जाते आणि ओल धरत नाही. सालीचे तुकडे पुढे चालतील, पण पहिले काही आठवडे किचन टॉवेलच्या दोन-तीन घड्या पुरेशा. दिसायला साध्या, पण विष्ठा, उलटी, माइट्स (सापाचं रक्त पिणारे बारीक किडे), सगळं पांढऱ्यावर लगेच दिसतं, आणि नव्या पिल्लाबाबत नेमकं तेच कळायला हवं असतं. पिल्लू घडीच्या आत शिरूनही बसतं, म्हणून काढताना घडी उलगडून बघावी. नंतर ॲस्पेनच्या लाकडाचा भुसा उत्तम. त्यात ते बोगदे करतं. मात्र तो भिजला की बुरशी धरतो, भिजलेला भाग लगेच काढावा. देवदार आणि पाइनचा भुसा घेऊ नये. त्यातली सुगंधी तेलं श्वासनलिकेला त्रास देतात. काही संचांत हिरवा गालिचा येतो. त्यात दात अडकतात आणि घाण मुरते, तो नको.

पाण्याचं भांडं हलकं आहे, उलटतं. जड तळाचं उथळ भांडं घेऊन थंड बाजूला ठेवा आणि पाणी निदान एक दिवसाआड बदला. एवढंसं पिल्लू उपासापेक्षा तहानेने आधी खचतं.

पुस्तिका आणि पहिला महिना

किटमध्ये सगळ्यात कमकुवत काही असेल तर ही पुस्तिका. ‘घरी आणल्यावर लगेच खाऊ घाला आणि रोज हाताळून सवय लावा’ हे तिच्यातलं वाक्य पिल्लांच्या बहुतेक उलट्यांच्या मुळाशी असतं. क्रम असा हवा.

पिल्लू येण्याआधी टाकी दोन-तीन दिवस चालवून बघायची. तापमान दिवसा आणि रात्री स्थिर राहिलं पाहिजे. पिल्लू देणाऱ्याकडून चार गोष्टी लिहून घ्यायच्या: अंड्यातून कधी निघालं, किती वेळा खाल्लं, शेवटचं कधी, आणि गोठवून वितळवलेलं खातं की नाही. निदान तीनदा स्वतःहून खाल्लेलं पिल्लूच घ्यावं. आणल्यावर ते सोडायचं आणि पाच ते सात दिवस हात लावायचा नाही. फक्त पाणी बदलायचं. दिवसभर ते दिसलं नाही तर काळजी नको. दिसत नाही, म्हणजे लपण योग्य आहे.

पहिलं खाणं एक पिंकी, म्हणजे उंदराचं अंगावर केस नसलेलं नवजात पिल्लू, वजन साधारण १ ते २ ग्रॅम. जाडी सापाच्या सगळ्यात जाड भागाएवढी, फार तर दीडपट. गोठलेली पिंकी रात्री फ्रिजमध्ये वितळवावी, मग छोट्या पिशवीत घालून ४० अंशांच्या आसपासच्या कोमट पाण्यात दहा मिनिटं ठेवावी. पोट दोन बोटांत हळूच दाबून बघावं. आत गार, कडक गाठ लागली तर अजून वेळ आहे. उकळतं पाणी वापरलं तर पोट फुटतं, मायक्रोवेव्हमध्ये आतून शिजते. पुसून कोरडी करून संध्याकाळी, दिवे मंद करून, २० ते २५ सेंमीच्या चिमट्याने लपणीच्या तोंडाशी धरावी. धीट पिल्लू जीभ लवलवत पुढे येतं आणि झडप घालून वेटोळ्यात आवळतं. बुजरं मागे सरकतं. त्याच्या अंगाला पिंकी टोचत राहू नये. तोंडाशी ठेवून खोलीतून निघून जावं आणि सकाळपर्यंत न खाल्लेली पिंकी फेकून द्यावी.

नंतर दर ५ ते ७ दिवसांनी एक. वजन १५ ग्रॅमच्या पुढे गेलं की एका वेळी दोन पिंकी, २५ ग्रॅमच्या आसपास केस फुटू लागलेली मोठी पिल्लं. त्यासाठी ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटा लागतो. किटमध्ये तो नाही, पण प्लास्टिकच्या वेलीपेक्षा त्याची गरज कितीतरी जास्त आहे. दर आठवड्याचं वजन आणि खाण्याची तारीख एका वहीत लिहीत गेलं, तर पशुवैद्याला दाखवायची वेळ आल्यावर ती वही सगळ्यात उपयोगी पडते.

खाल्लं नाही तर आधी तापमान, मग लपण, मग डोळे बघा. डोळे निळसर-दुधाळ असतील तर कात यायची आहे. उपास स्वाभाविक आहे. सगळं ठीक असूनही नकार असेल, तर पाच दिवस थांबून पुन्हा द्या. मग एक उपाय आहे जो वाचायला नको वाटतो, पण बऱ्याचदा लागू पडतो: पिंकीच्या डोक्याला सुईने टोचून आतला थोडा द्रव नाकावर येऊ द्यायचा. तेही चाललं नाही, तर हवेची बारीक भोकं पाडलेल्या छोट्या डब्यात पिल्लू आणि पिंकी एकत्र ठेवून, झाकण पक्कं लावून, तो डबा रात्रभर टाकीच्या उबदार बाजूला ठेवायचा. मात्र थेट मॅटच्या वर नाही, डब्यातून पिल्लाला हलता येत नाही. जंगलात ही पिल्लं छोटे सरडे आणि झाडबेडूक खातात, म्हणून पिंकीला सरड्याचा वास लावणं हाही जुना उपाय आहे. रोज नवा प्रयोग करणं मात्र टाळा. प्रत्येक प्रयत्नाने पिल्लू अधिक बुजतं. वजन दहा टक्क्यांहून जास्त घटलं, तर सरपटणाऱ्या प्राण्यांचा अनुभव असलेल्या पशुवैद्याकडे न्या. जबरदस्तीने भरवणं त्यांच्याच हातचं काम.

उलटी ही नकारापेक्षा गंभीर बाब आहे. कारणं बहुतेक वेळा तीन: खाल्ल्यावर ४८ तासांच्या आत हाताळलं, ऊब कमी पडली, किंवा भक्ष्य मोठं होतं. उलटीनंतर १० ते १४ दिवस काहीही देऊ नये, फक्त पाणी. पोटातलं आम्ल आणि पाचक रस पुन्हा तयार व्हायला तेवढा वेळ लागतो. पुढचं खाणं निम्म्या आकाराचं, शक्य असेल तितकी छोटी पिंकी. उलटी पुन्हा झाली, तर विष्ठेची तपासणी करून घ्या. वारंवार उलटी आणि शरीराच्या मध्यावर सूज हे क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीचं लक्षण असू शकतं, आणि तो संसर्ग दुसऱ्या सापांना लागतो.

हाताळायला सुरुवात दोन-तीन वेळा खाऊन पचवल्यावर. पाच मिनिटं, आठवड्यातून दोन-तीनदा. हात वरून आणायचा नाही, वरून येतो तो शिकारी पक्षी. कुशीकडून, अंगाच्या मध्याखाली बोटं सरकवून उचलायचं आणि ते एका हातावरून दुसऱ्या हातावर चालत राहील असं बघायचं. शेपूट थरथरवणं, इंग्रजी ‘एस’सारखी मान करून झेपावणं, दुर्गंधी सोडणं हे सगळं भीतीचं लक्षण आहे. हा साप बिनविषारी आहे, आणि एवढ्याशा पिल्लाचा चावा जाणवतही नाही. हाताळण्याआधी आणि नंतर साबणाने हात धुवा. साल्मोनेला हा पोट बिघडवणारा जीवाणू कुठल्याही सरपटणाऱ्या प्राण्याच्या अंगावर असू शकतो.

कात साधारण महिना-दीड महिन्याने येते. डोळे दुधाळ होतात, मग पुन्हा निवळतात, आणि त्यानंतर काही दिवसांत कात सलग निघते. ती उलगडून बघा: डोळ्यांवरची दोन गोल झापडं आणि शेपटीचं टोक आलं पाहिजे. तुकड्यांत निघाली तर हवा कोरडी होती. शेपटीवर उरलेलं कडं रक्तप्रवाह आवळतं, म्हणून ओल्या मॉसच्या डब्यात काही तास ठेवून ते सोडवावं. डोळ्यावरचं झापड नखाने काढायला जाऊ नये. तोंड उघडं ठेवून श्वास, नाकाशी बुडबुडे किंवा शिट्टीसारखा आवाज आला तर थंडी आणि ओल यांतून झालेला श्वसनसंसर्ग समजा, आणि पुढच्या कातीची वाट न बघता डॉक्टर गाठा. पिल्लू तासन् तास पाण्याच्या भांड्यात बसून असेल आणि पाण्यात काळे ठिपके तरंगत असतील, तर ते माइट्स.

पहिल्या वर्षात साप ६० सेंमीच्या आसपास जातो आणि ही टाकी अपुरी पडते. पूर्ण वाढलेल्या, ९० ते १५० सेंमीच्या सापाला निदान १२० × ६० सेंमीचा तळ लागतो, आणि तो १५ ते २० वर्षं जगतो. तेवढी जागा आणि तेवढी वर्षं आहेत का, हे किट घेण्याआधीच बघावं. छोटी टाकी मात्र टाकून देऊ नका. किचन टॉवेल, दोन लपणी आणि तोच थर्मोस्टॅट घालून ती आजारी सापाला किंवा नव्या सापाच्या विलगीकरणाला पुढेही कामाची आहे.